ऐंशी जिनसा आणि एकच कंटेनर

(गोव्यातल्या डिचोलीच्या वाचनालयात बोलले होते ते थोडं नीटनेटकं करून लिहिलंय. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवलीय.)

नमस्कार मंडळी. आपल्या डिचोलीत बोट म्हटलं की माझ्या वयाच्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी खनिज वाहणारी बार्ज येते. नदीच्या जेटीवर ट्रक रिकामे व्हायचे, बार्ज भरून मांडवीतून मुरगावला जायच्या आणि तिथून मोठ्या बोटीत माल चढायचा, हे बघतच आम्ही मोठे झालो. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा किती घरांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण कागदाच्या बाजूने बघाल तर खनिज म्हणजे एकच वस्तू, एकच नाव, एकच ढीग. मी वास्कोला फॉरवर्डरच्या, म्हणजे लोकांचा माल परदेशी पाठवून देणाऱ्याच्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर बावीस वर्षं काढलीत आणि आता माझ्यापुढे येतं ते याच्या बरोबर उलटं. काजू, सोलां, पापड, मिस्कूट म्हणजे आंब्याचं लोणचं, पितळेची समई, कुणबी साडी, करवंटीच्या वस्तू, मातीच्या पणत्या, आणि वरून कोणीतरी म्हणतं ताई हे एक घुमट पण घाला हं त्यातच. (घुमट म्हणजे मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आपलं वाद्य.)

तर मला आज सांगायचंय ते एवढंच, की असा मिक्स माल जातो तो त्यातल्या सगळ्यात किचकट वस्तूच्या चालीने. ७९ जिनसा अगदी सरळ असू देत, ऐंशीवी अडली की सगळं अडलं.

हे मी शिकले ते आमच्या शेजारच्या वहिनींच्या भाच्यामुळे. तो मेलबर्नला असतो, तिथल्या आपल्या लोकांसाठी दिवाळीचं सामान विकायला घ्यायचं त्याने ठरवलं, इथे बायकांच्या एका बचतगटाने सगळं तयार केलं, जेमतेम पावणेदोन सीबीएम, म्हणजे घनमीटर, माल. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मालाबरोबर पॅकिंग डिक्लरेशन म्हणून एक कागद द्यावा लागतो, त्यात सरळ विचारलेलं असतं की पॅकिंगला पेंढा, गवत, भुसा, फळं-भाज्यांचे वापरलेले खोके असलं काही वापरलंय का. मी फोनवर विचारलं, गटातल्या बायका म्हणाल्या नाही हो, सगळं कागदात गुंडाळलंय, मी 'नाही'वर टिक केली आणि सही घेतली. आणि मग शेवटच्या रात्री कागद संपला म्हणून कोणीतरी पणत्यांच्या दोन खोक्यांत भाताचा पेंढा, आपण तण म्हणतो ना तेच, भरला. त्यात त्यांची काय चूक, आपल्याकडे आंबे नि मडकी पिढ्यान् पिढ्या तणातच बांधतात. पण तिथल्या क्वारंटाइनवाल्यांना त्यात किडे आणि बी दिसतं. तो अख्खा लॉट बाजूला काढला, उघडला, पेंढा नष्ट केला, ट्रीटमेंटचे पैसे वेगळे, गोदामाचं भाडं वेगळं, आणि भाच्याच्या हातात माल पडला तेव्हा तुळशीचं लग्नसुद्धा होऊन गेलेलं. पापड चांगले होते, साड्या चांगल्या होत्या, काजू चांगले होते, पण दिवाळीनंतर त्या पणत्या कोण घेणार? वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत आणि त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी फोनवर विचारत नाही, स्वतः जाऊन खोकं उघडून बघते.

आता हा माल जातो कसा ते सांगते. वीस फुटी कंटेनरात आतली जागा साधारण ३३ सीबीएम, प्रत्यक्षात बसतो २५ ते २८. एवढा माल आपल्याकडे नसतो, म्हणून तो एलसीएलने जातो, म्हणजे दहा-पंधरा जणांचा माल एका कंटेनरात. सुटी कार्टन आम्ही बहुतेक ट्रकने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला पाठवतो, ५५० किलोमीटरच्या आसपास, तिथे सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या मालाच्या गोदामात, कस्टम होतं नि स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, होतं. तुमच्या शेजारी कोणाचा माल लागणार हे तुमच्या हातात नसतं, म्हणून वासाचं बघा, सुकट पाठवायची असेल तर व्हॅक्यूम करून दुहेरी पिशवीत, कारण शेजारी कोणाच्या साड्या असतील.

भाडं लागतं ते सीबीएमवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर, आणि कमीत कमी १ सीबीएमचं. हिशोब घरी करता येतो. ६० बाय ४५ बाय ४० सेंटीमीटरचं कार्टन म्हणजे ०.१०८, अशी नऊ म्हणजे ०.९७२, म्हणजे नऊ कार्टनला तुम्ही एका सीबीएमचेच पैसे देताय, तीन पाठवलीत तरी तेवढेच. आणि कोणी समुद्राचं भाडं अगदीच नगण्य सांगितलं तर खूश होऊ नका, पलीकडच्या बंदरावरचे चार्जेस आधी लेखी मागा, तिथे सगळं वसूल होतं आणि ते भरतो तुमचा भाचा.

पाण्याबद्दल लोक घाबरतात ते समुद्राच्या. पण मी खराब झालेला माल बघितलाय तो बहुतेक आतल्याच पाण्याने. जुलैमध्ये आपल्या घरातली पुस्तकंसुद्धा दमट लागतात, त्या हवेत भरलेलं कार्टन आणि लाकूड पाणी घेऊनच कंटेनरात जातं, पुढे थंड समुद्रात रात्री पत्रा गार झाला की ती वाफ छताला धरते नि खाली थेंब थेंब पडते. म्हणून माल कडक सुकवून भरा, पिशवीत ड्रायिंग एजंट, म्हणजे ओल शोषणारी पुडी, ठेवा, बाटल्या खाली, कापड वर, आणि लोणच्याची बरणी साडीच्या कार्टनात कधीच नको, कितीही जागा उरलेली असू दे. लाकडाची पेटी केलीत तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं किंवा फ्युमिगेट केलेलं, म्हणजे किडे मारायला विषारी धुरी दिलेलं, लागतं आणि त्यावर तो गव्हाच्या लोंबीचा शिक्का लागतो, नाहीतर सरळ प्लायवूड वापरा, त्याला हा नियम नाही.

आता माझा जीव ज्यात आहे ती गोष्ट, पॅकिंग लिस्ट. लोक लिहितात 'घरगुती सामान' किंवा 'मिक्स गुड्स', असं कृपा करून लिहू नका. कार्टन नंबर, आत काय, किती नग, वजन, माप, कशाचं बनलंय, आणि एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी प्रत्येक वस्तूला दिलेला नंबर. काजूगर ०८०१मध्ये, पापड १९०५मध्ये, पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे आपले. बोटवाला तुमचं खोकं उघडून बघत नाही, त्याच्या बीएलवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, फक्त 'आत अमुक आहे असं सांगितलंय' एवढंच छापलेलं असतं. सांगितलंय कोणी, तर तुम्ही.

आणि नग लिहायचे कशाला तेही ऐका, कारण हे मला खूप उशिरा कळलं. माल हरवला तर बोटवाल्याची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते, एका पॅकेजला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, जे जास्त असेल ते. एसडीआर म्हणजे आयएमएफचं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, हिशोबाचं एकक, एका डॉलरपेक्षा थोडं जास्त. बीएलवर '१ पॅलेट' (खोकी रचून बांधायची फळी) लिहिलं तर ते एक पॅकेज, '१ पॅलेट, त्यात ४८ कार्टन' लिहिलं तर अठ्ठेचाळीस. बघा, तीन शब्दांचा फरक आहे.

त्या यादीवर नुसते पैसे नाहीत अवलंबून. २०२५च्या मे महिन्यात केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा ३ ही बोट बुडाली, ६४० कंटेनर होते, बरेच वाहत किनाऱ्याला लागले. तेव्हा कोस्ट गार्डला लोकांना सगळ्यात आधी सांगावं लागलं की १३ डब्यांत धोक्याचा माल आहे आणि १२त कॅल्शियम कार्बाइड, ज्याला पाणी लागलं की पेट घेणारा वायू निघतो. किनाऱ्यावर आलेल्या डब्याजवळ जाणारा तो रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मासेमार, आपल्यासारखाच माणूस ना? म्हणून परफ्यूम, नेलपॉलिश, लिथियम बॅटरीचा दिवा, एखादी बाटली उराक, म्हणजे काजूची दारू, असलं काही कपड्यांत लपवून घालू नका. आधी विचारा, रस्ता असेल तर आम्ही काढतो.

विम्याचं पटकन सांगते. २०२१च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन ही कंटेनर बोट सुएझ कालव्यात सहा दिवस अडकली, मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केलं, म्हणजे बोट नि माल वाचवायचा खर्च बोटीचा मालक आणि सगळे मालवाले यांच्यात वाटला जातो. तुमचं एक खोकं असलं तरी हमी दिल्याशिवाय ते सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. लहान मालावर प्रीमियम फार नसतो, घ्या.

मागून काकांनी घुमटाचं विचारलं. काका, जुनं घुमट असेल तर त्याला घोरपडीचं चामडं असणार, ते विकणं-पाठवणं कायद्याने बंद आहे, भेट म्हणूनसुद्धा नाही, कोणत्याही देशात नाही. तसंच शिसवीच्या खुर्चीचं, २०१७पासून शिसवाची सगळी जात सायटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-झाडांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, त्याला वेगळे कागद लागतात. बकऱ्याच्या चामड्याचं नवीन घुमट असेल तर बघता येईल, पण यादीत 'वाद्य' एवढंच नाही लिहायचं, मातीचं भांडं आणि बकऱ्याचं चामडं असं स्पष्ट लिहायचं, आणि तुमची मुलगी जिथे आहे तिथे चामड्याला काय तपासणी लागते ते मी आधी विचारून घेते. तोवर ते पॅक करू नका, वास्कोला येताना उघडंच घेऊन या.