गाडीचा गोठा

(लातूरमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पत्रिकेवर 'घरच्या गॅरेजची टिकाऊ फरशी' असं छापलंय. ते वाचून आमच्या गल्लीतल्या एकाने काल मला विचारलं, "काय साहेब, रिटायर होऊन मेकॅनिकचं दुकान टाकलं की काय?" त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे गॅरेज म्हणजे तेलकट हातांची पोरं गाडीखाली झोपलेली असतात ते. घरात गाडी लावायची जागा म्हणजे पार्किंग, फार तर पोर्च. मी मात्र तिला गोठा म्हणतो. आज मला बोलायचंय ते खरं तर या नावावरच. फरशी काय, दुकानात मिळते.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांचं लहानपण गोठ्याच्या वासात गेलंय. आठवा जरा. जनावर उभं राहतं तिथं गुळगुळीत फरशी कुणी घातली होती का? म्हैस घसरून पाय मोडला की संपलं, म्हणून खाली चोपलेला मुरूम, नाहीतर ओबडधोबड दगड. मागच्या अंगाला उतार, उताराच्या शेवटी नाली. मिरग लागायच्या आधी दोन पाट्या मुरूम टाकून पुन्हा धुमस मारायचं. वजन, ओल, निसरडेपण, उतार, सगळ्याचा विचार आजोबांनी करून ठेवला होता, आणि त्यांनी डिप्लोमा केलेला नव्हता. ओसरी सारवलेली, बैठकीत शहाबादी, गोठ्यात मुरूम. बैठकीतली फरशी उचलून गोठ्यात नेण्याचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

ते माझ्या डोक्यात आलं.

मी सांगतोय ते २००९ सालचं. घर बांधायला काढलं तेव्हा मी उमरग्याकडे एका रस्त्याच्या कामावर होतो. दिवसभर लोकांच्या रस्त्याखालचा मुरूम तपासायचा, थराथराची दबाई बघायची आणि रात्री फोनवर स्वतःच्या घराची विचारपूस करायची. पोराने सांगितलं, "बाबा, पार्किंगला दोन बाय दोनची ग्लॉसी बसवतोय, हॉलमधलीच. एकसारखं दिसतंय." मी म्हटलं, बसव. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं, भरतीला सहा टिप्पर मुरूम पडला. मी म्हटलं, बरं झालं. पैसेही सहाचेच दिले.

वास्तुशांत मे महिन्यात. आपल्याकडे सगळी घरं अक्षय तृतीयेला पूर्ण होतात, सिमेंटला त्या दिवशी किती ताप असतो ते कुणी विचारत नाही. पार्किंग असं चकाकत होतं की आलेली बाई चप्पल बाहेर काढूनच आत यायची. पोराची नवी गाडी त्यावर उभी केली, नारळ फोडला. नारळाचं पाणी सांडलं आणि एक भटजी तिथंच हलकेच घसरले. आम्ही हसलो. तो पहिला इशारा होता.

दुसरा श्रावणात आला. पोराचं लग्न ठरत होतं. व्याही बोलणी करायला आले ते भर पावसात, हातात कुंथलगिरीच्या पेढ्यांचा दोन किलोचा बॉक्स. गेटातून आत पहिलं पाऊल टाकलं आणि माणूस सरळ माझ्या गाडीखाली! पाय आत, डोकं बाहेर. पण बॉक्स सोडला नाही हो. छातीशी धरलेला होता, पेढा एक फुटला नाही. मनगट मात्र मुरगळलं. त्या आडव्या अवस्थेत ते मला काय म्हणाले, तर "सोयरीक पक्की समजायची का आता?" लग्न झालं. आमची सूनबाई मागच्या रांगेत बसली आहे. ती ही गोष्ट चौदाव्यांदा ऐकते आहे, आणि बघा, हसते आहे.

तिसरा इशारा दिवाळीला. गाडी आत घेतली की टायरखाली 'कट्ट' असा आवाज यायचा. मी रुपयाचं नाणं घेऊन एकेक फरशीवर टाकत गेलो. चांगली बसलेली फरशी ठण्ण वाजते, पोकळ असली की ती ढब करते. गवंडी म्हणतात, फरशी बोलायला लागली. आमच्याकडे चारातली एक बोलत होती. डाव्या चाकाच्या रेषेत तर गप्पांचा फडच बसला होता.

फोडून पाहिलं. पहिला गुन्हा लगेच सापडला. मिस्त्रीने प्रत्येक फरशीखाली मालाचे पाच गोळे ठेवले होते, चार कोपऱ्यांत चार, मधे एक, आणि वरून फरशी दाबून लेव्हल केली होती. हे काम भराभर होतं. गोळ्यांच्या मधे मोकळी हवा. आता गणित ऐका. टायरमध्ये आपण ३२-३३ पौंड हवा भरतो. म्हणजे टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो, चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. चांगल्या फरशीला हा दाब काहीच नाही. गाडी दीड टनाची असो की दोन टनांची, फरशी वजनाने चिरडत नाही, ती पोकळीवर वाकते आणि मोडते. पापड तळहातावर ठेवून दाबा, काही होत नाही. वाटीच्या तोंडावर ठेवून दाबा. त्यात व्हिट्रिफाइड टाइल पाणी पिते जेमतेम अर्धा टक्का, तीही कमाल. भिंतीची सिरॅमिक दहा टक्क्यांच्या वर पिते. जी पाणीच पीत नाही तिला नुसतं सिमेंट धरून ठेवणार कसं? तिला टाइल अॅडेझिव्हच लागतं, तेही दातेरी पट्टीने पूर्ण पसरून. आमच्याकडे पाच लाडू.

दुसरा गुन्हा त्याच्याही खाली होता. पहारीने फूटभर खणलं, वर मुरमाचा एक पातळ पापुद्रा आणि खाली काळीभोर माती. सहा टिप्परांपैकी फार तर दोन आले असतील. बाकी पायाच्या खड्ड्यांतून निघालेली माती त्यांनी परत जोत्यातच ढकलून दिली. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणतो, "साहेब, तुमच्याच प्लॉटची माती तुमच्याच घरात ठेवली." यावर मी काय बोलणार? तीस वर्षं सरकारी मुरूम मोजला आणि घरचा मोजायचा राहिला. तेव्हापासून कुणी पार्किंगच्या फरशीचा रंग विचारला की मी आधी विचारतो, भरती कशाची आहे.

आता या टेबलावरच्या दोन बाटल्या बघा. मागच्यांनी उभं राहिलं तरी चालेल, खुर्ची कुणी नेणार नाही. काल संध्याकाळी आमच्या रानातली काळी माती वाळवून, कुटून, बारीक चाळून दोन्हीत दहा-दहा मापं घातली. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेल मिळवायला आठ दिवस गेले, ते वेगळं व्याख्यान आहे. शेवटी मावसभावाच्या माळवदावरच्या एका कंदिलात पावशेर निघालं. माती रॉकेलने फुगत नाही, म्हणून ती बाटली दहावरच आहे. पाण्यातली बघा, सतरावर. सत्तर टक्के! ही तपासणी माझी नाही, भारतीय मानकांत आहे, २४ तास ठेवून वाचायची. पन्नासच्या वर गेली की माती दांडगी, म्हणजे त्रास देण्याइतकी फुगणारी समजायची. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. कवळी असेल त्यांनी हे नाव घेऊ नये. ते आपल्या पापुद्र्यांमध्ये पाणी ओढून घेतं, वाळलं की सोडतं. मे महिन्यात रानात भेगांत कोपरापर्यंत हात जातो आणि भाद्रपदात तीच भेग मिटते, हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं?

पण घर टिकतं आणि पार्किंगच का उखडतं? घर जड असतं आणि त्याचा पाया खाली मुरमापर्यंत नेलेला असतो. पार्किंगची फरशी हलकी, तिला ती माती अलगद उचलते. तीही सारखी उचलत नाही. कुंडीचं पाणी, गाडी धुतलेलं पाणी कडेला मुरतं, मधली माती कोरडीच राहते. कडा वर येते, मध्य जागेवर. फरशी मधे उभी चिरते, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो.

मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या काळ्या मातीवर आयुष्य घातलं. फुगणाऱ्या मातीच्या वर न फुगणाऱ्या पण थोड्या चिकट मातीचा थर द्यायचा, हा त्यांचा उपाय कालव्यांखाली वापरला गेला. चांगला, किंचित चिकण असलेला मुरूम हे काम करतो. म्हणजे शेवटी आजोबांचा गोठाच. काळी माती दोन-तीन फूट काढून टाका, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थराला पाणी मारा, दाबा. एकदम तीन फूट ओतून वर लेबरला नाचायला लावू नका, ते वरचेच सहा इंच दाबतात. आणि टिप्पर स्वतः मोजा.

पाण्यावरून आठवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं. त्या एप्रिलमध्ये आमच्या मागच्या लाइनीत एकाने पार्किंगचा कोबा केला आणि रोज संध्याकाळी पाणी मारायचा. सगळी गल्ली गच्चीवर येऊन बघायची. एक आजी म्हणाल्या, "बाबा, ते रेल्वेचं हाय, सिमेंटाला काय पाजतुस?" त्याने लाजून चौथ्या दिवशी पाणी बंद केलं. पुढच्या वर्षी कोबा असा धुरळा सोडायला लागला की गाडी रोज पुसावी लागायची. खरं तर तेवढ्या पाण्याची गरजच नव्हती. भिजलेलं गोणपाट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कडेला विटा. ओल आतल्या आत राहते. आपल्या उन्हात मानक किमान दहा दिवस म्हणतं. ते दहा दिवस तुम्ही मंगळसूत्रासारखे सांभाळा... अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. "पाच मिनिटं. खिचडी तयार आहे."

बरं. विषय फरशीचा होता, नाही का? मग पळतो.

मुरमावर डबराचं सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर चार इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट, मोठी गाडी असेल तर पाच. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटरच्या आसपास पाणी, त्यात वाळूची ओलही धरायची. मिस्त्री "जरा पातळ करू" म्हणाला की बादली तुमच्या हातात घ्या. दहा-दहा फुटांवर काप द्या, जाडीच्या पाव भाग खोल, दुसऱ्याच दिवशी. चीर पडायचीच असते, ती कुठे पडावी एवढंच आपल्या हातात. उतार गेटाकडे, १५ फुटांना किमान दोन इंच. वरून नेरू घोटून आरसा करू नका, ओलं असतानाच खराटा फिरवा. माझ्या मते बहुतेकांना हे पुरेसं आहे आणि सगळ्यात स्वस्तही. पण खराट्याचा कोबा पाहुण्यांना दाखवता येत नाही म्हणून कुणी ऐकत नाही.

शहाबादी म्हणाल तर आपली जुनी ओळख. १९५६ पर्यंत शहाबाद आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. पायाला थंड, तोडायला सोपी. पण ती चुनखडी आहे. बॅटरीचं पाणी सांडलं की फेस येतो आणि डाग कायमचा. जाड घ्या, पॉलिश नको, खाली पूर्ण माल. कोटाही त्याच जातीचा.

पेव्हर ब्लॉक गाडीसाठी ६० मिलिमीटरचा, कडेला पक्की पट्टी हवीच, नाहीतर ब्लॉक हिंडायला लागतात. काळ्या मातीवर मला तो आवडतो, कारण बिघडला तर उचलून पुन्हा बसवता येतो. पार्किंग टाइल घ्यायची तर जाड, खडबडीत, दुकानदाराला आर-११, म्हणजे न घसरण्याची प्रत, विचारा. तो "ते काय असतं" म्हणाला तर दुकान बदला. आणि बुलेटवाल्यांनो, स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा. गाडीच्या चार चाकांपेक्षा तुमच्या साइड स्टँडचं टोक फरशीला जास्त टोचतं.

इपॉक्सी, म्हणजे काँक्रीटवर द्यायचा रसायनाचा लेप. पोरं मोबाइलवर बघून विचारतात. बंद जागेत, कोरड्या काँक्रीटवर उत्तम आहे, तेल पुसलं की जातं. पण काँक्रीट २८ दिवसांचं हवं आणि खालून ओल यायला नको. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा, रात्रभर ठेवा. सकाळी खाली घाम दिसला तर पैसे वाचवा. उघड्या पोर्चमध्ये ऊन लागून पिवळं पडतं, आणि मे महिन्यात तापलेलं टायर साधं इपॉक्सी सालपटासारखं उचलतं.

झालं. एक प्रश्न घेतो. हं, मागून कोण? "साहेब, तुमच्या पार्किंगला आता काय आहे?"

काळी माती काढली, तीन फूट मुरूम, वर खराट्याचा कोबा. दहा पावसाळे झाले, एक चीर आहे, ती बरोबर कापातच आहे. पण आमचे व्याही अजून गेटात आले की आधी भिंतीला हात लावतात आणि पेढे दुसऱ्या हातात धरतात. त्यांना मी दर वेळी सांगतो, आता नाही घसरत. ते म्हणतात, "तुम्ही तेव्हाबी इंजिनियरच होता की."