खोबरेल तेलाला एसपीएफ असतो का?

हा पाय बघा. नुकतीच आंघोळ झालीय, अंग अजून थोडं ओलसर आहे, खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून नडगीवर फिरवले आणि मघाशी ज्या बारीक पांढऱ्या रेषा दिसत होत्या त्या गायब. तेलात पाणी नसतंच मुळी, त्यामुळे ते ओलावा देत नाही, जो आहे तो उडू देत नाही, म्हणून तर ओलसर अंगावरच लावायचं, एकदम कोरड्या त्वचेवर लावलं की नुसतं चिकट वाटत राहतं.

आता सगळी तेलं सारखी नसतात हं. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं आणि त्वचेच्या वरच्या थराला ते हवंच असतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक अ‍ॅसिड जास्त, त्याने तोच थर सैल पडू शकतो, त्यामुळे त्वचा खूप कोरडी असेल किंवा एक्झिमा असेल तर ऑलिव्ह नको. खोबरेल अंगाला मस्त, पण ज्यांना पिंपल्स येतात त्यांनी चेहऱ्याला जपूनच लावा.

इथपर्यंत सगळं छान. घोटाळा सुरू होतो उन्हात.

एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा. नेटवर कुठेही शोधा, खोबरेलचा एसपीएफ ७, ऑलिव्हचा पण ७-८, आणि रास्पबेरीच्या बियांच्या तेलाचा तर थेट २८ ते ५०! हे आकडे आले कुठून? ७-८ वाला आकडा २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगातला आहे. त्यात तेल अल्कोहोलमध्ये पातळ केलं, छोट्या पारदर्शक भांड्यात घातलं, त्यातून २९० ते ३२० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडले आणि किती अडले ते मशीनने मोजून सूत्रात टाकलं. माणसाच्या त्वचेवर एक थेंबसुद्धा लावलेला नाही! रास्पबेरीचा आकडा २००० सालच्या एका पेपरवरून पसरला, तिथेही मोजमाप तेलाचंच झालं होतं, त्वचेचं नाही.

खऱ्या एसपीएफ टेस्टमध्ये माणसाच्या पाठीवर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात, त्यावर अतिनील किरण सोडतात आणि त्वचा लाल व्हायला किती डोस लागला ते बघतात. शिवाय एसपीएफ सांगतो तो मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे जे भाजतात ते किरण. यूव्हीए म्हणजे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण, ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे, ते आणखी खोल जातात, सुरकुत्या पाडतात, आणि २९० ते ३२० च्या त्या मोजणीत ते जवळजवळ आलेलेच नाहीत.

आणि हे ऐका. सोरायसिसवर, म्हणजे त्वचेवर खपल्या येणाऱ्या आजारावर, अतिनील किरणांचे उपचार देतात ना, तिथे कधीकधी आधी खपल्यांवर तेल लावतात, कशासाठी तर खपल्यांवरून प्रकाश परावर्तित होऊ नये, जास्त आत जावा म्हणून! डॉक्टर ज्या कामासाठी तेल वापरतात त्याच्या बरोब्बर उलट कामासाठी आपण ते लावून दुपारी बाहेर पडतो, मला तर हे फार काळजीचं वाटतं.

मग कोणी म्हणतं घरीच तेलात झिंक ऑक्साइड मिसळू. झिंक ऑक्साइड खरंच किरण अडवतं, यात वादच नाही, पण घरी ढवळलेल्या तेलात त्याच्या गुठळ्या होतात, काही तळाशी बसतं, मग त्वचेवर एका जागी जाड थर आणि शेजारीच काही नाही, आणि जिथे काही नाही तिथे भाजणारच, ते डोळ्यांना आधी दिसतही नाही. बर्गमॉट (संत्र्या-लिंबाच्या जातीचं एक फळ) किंवा लिंबाचं इसेन्शियल ऑइल तर दिवसा नकोच नको, त्यातले काही घटक ऊन लागलं की त्वचेवर फोड आणतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

तेव्हा तेल रात्री लावा. दिवसा ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, सोबत टोपी आणि पूर्ण बाह्या. ज्यांना तेलच हवंय त्यांनी वनस्पती तेलाचा बेस असलेलं पण नीट टेस्ट झालेलं झिंकचं सनस्क्रीन बघावं, तशी मिळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावली आणि कपडे, बस. आणि ऊन लागून त्वचा लाल होऊन तापलीच असेल तर लगेच तेल चोळू नका, आधी गार पाण्याची पट्टी ठेवा, आग शमू द्या.