एक कागद, अनेक वर्ग

मुलाला कितपत वाचता येते हे तपासण्याचा हा कागद एका पानाचा आहे. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट छापलेली आहे. मुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि आधी परिच्छेद वाचायला सांगायचे. तो जमला तर गोष्ट द्यायची, मूल अडखळले तर शब्द, आणि तेही जमले नाहीत तर अक्षरे. काही मिनिटांतच कळते, की पाचवीच्या पटावर नाव असलेले हे मूल वाचनात नेमके कुठे अडले आहे.

१९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने अशा मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पूर्ण केलेली एखादी तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसे आणि अगदी पायापासून शिकवी. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाचे मोजमाप केले. बालसखी कोणत्या शाळेत तिसरीला द्यायची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले गेले, त्यामुळे तुलना निर्मळ राहिली. मुले सुधारली, आणि सर्वाधिक सुधारली ती सर्वांत मागे असलेली.

पद्धत तर सापडली, पण ती रोज राबवणार कोण, हा प्रश्न उरलाच होता, आणि आमच्या मते या संशोधनाचा सर्वांत मोलाचा भाग येथूनच सुरू होतो. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. आलेली मुले शिकली, पण गरज असलेली बहुतेक मुले वर्गापर्यंत पोहोचलीच नाहीत. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तरी शाळेच्या वर्षात फारसा फरक पडला नाही. मात्र उन्हाळी सुट्टीतल्या महिनाभराच्या शिबिरांत सरकारी शिक्षकांनीच मुलांना पुढे नेले. म्हणजे खोट शिक्षकांच्या कुवतीत नव्हती. अभ्यासक्रम संपवण्याच्या धोशात मागे पडलेल्या मुलासाठी त्यांच्या दिवसात जागाच उरत नव्हती. शिक्षकांना दोष देणे सोपे असते, म्हणून हा निष्कर्ष आवर्जून सांगावासा वाटतो.

ती जागा हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकातच करून दिली गेली. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पातळीनुसार बसवायचे असे ठरले, आणि शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले. मुलांचे हिंदी वाचन सुधारले.

२०१६ मध्ये झांबियाच्या शिक्षण खात्याने ‘कॅच अप’ या नावाने ऐंशी शाळांत हाच प्रयोग तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी सुरू केला. भारतातला कागद तेथे जसाच्या तसा चालणार नव्हता. अक्षरे, शब्द आणि गोष्टी तिथल्या मुलांच्या भाषांत नव्याने मांडाव्या लागल्या. पुढे हे काम आणखी शाळांत पसरले. तिथला शिक्षकही सुरुवात तशीच करतो: एका मुलाला जवळ बसवतो, कागद पुढे ठेवतो आणि ते वाचेपर्यंत थांबतो.