धबधब्यावर कोण थांबतं?

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘व्हिडिओ गेम आणि व्यक्तिमत्त्व’, आणि त्याखाली कंसात ‘पालकांसाठी उपयुक्त’. कंसातला मजकूर संयोजकांचा आहे, माझा नाही. मुलांच्या हातचा मोबाइल कसा सोडवायचा हे ऐकायला जे आलेत ते मधूनच उठून गेले तरी मी रागावणार नाही. पण बाहेर पाऊस आहे, तेव्हा बसा.

माझा प्रश्न निराळा आहे. माणूस खेळायला बसला की त्याचा स्वभाव नेमका कुठे दिसतो? आपण समजतो, तो कोणता गेम निवडतो यावरून. बंदुकीचा गेम खेळणारा तापट, शेतीचा खेळणारा शांत. मला हे पटत नाही. माझ्या माहितीतली सर्वांत भांडखोर बाई रोज रात्री मोबाइलवर वांगी पिकवते. नाव घेत नाही, नात्यातली आहे. (हशा) माझं म्हणणं असं, की खेळात दुसरं कुणी आलं की त्याचं आपण काय करतो, तिथे स्वभाव बाहेर पडतो. पुढच्या रांगेतल्यांना हे नवीन नाही. बदाम सात खेळताना किलवरची सत्ती शेवटपर्यंत दाबून ठेवणारे काका घरोघरी असतात.

आता कॉन्ट्रा, म्हणजे टीव्हीला मशीन जोडून खेळायचा तो जुना बंदुकीचा गेम. चाळिशी ओलांडलेले किती आहेत इथे? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. बघा, अर्धं सभागृह माझ्याबरोबर म्हणालं! शाळेतल्या कविता विसरले, पण हे पाठ आहे. बटणं दाबायचा हा क्रम, म्हणजे कोड, गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली ‘ग्रेडियस’ गेमची घरगुती आवृत्ती तपासताना त्यांना स्वतःलाच तो गेम झेपेना, म्हणून त्यांनी ही पळवाट ठेवली. पुढे कॉन्ट्रात त्याच कोडने तीस जीव मिळायचे. तीन जीवांवर खेळणारे आणि तीस घेऊन खेळणारे यांच्यात आमच्या वाड्यात तेव्हा रोटीव्यवहारसुद्धा बंद होता.

मामाकडे, इचलकरंजीला, असलं एक मशीन होतं. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन वन’ छापलेलं, आत गेम मोजून पाच-सहा, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. चालत नसली की फुंकर मारायची. फुंकरीने खरंच काही व्हायचं का, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर कॉन्ट्राच्या तिसऱ्या स्टेजला धबधबा येतो. पहिल्या स्टेजला आडवा पळणारा गेम इथे एकदम उभा होतो, दगडांवरून उड्या मारत वर चढायचं असतं. दोघं खेळत असलात तर मेख अशी, की पडदा वरच्या गड्याबरोबर सरकतो. एकजण भराभर वर गेला की मागच्याच्या पायाखालचा दगड पडद्याच्या खाली जातो आणि मागचा मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, जोडीदाराच्या घाईने! हे मुद्दाम केलं होतं की मशीनच तेवढंच होतं, याच्याशी मला कर्तव्य नाही. स्वभाव तपासायचा इतका नेटका प्रयोग मी कुठल्या प्रयोगशाळेत पाहिलेला नाही, आणि मानसशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

माझा मामेभाऊ माझ्याहून मोठा. धबधबा आला की हा सुटायचा. मी खालून बोंबलतोय, “दादा, थांब की!” आणि हा पडद्यावरची नजर न काढता, “ये की लवकर. कुणी धरलंय तुला?” मी मेलो. पुन्हा अवतरलो, पुन्हा मेलो. शिवाय ‘एस’ची बंदूक, ती पंख्यासारख्या गोळ्या सोडणारी, दर वेळी यालाच. मी रिमोट आपटला की मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अरे, पाहुणा आहे तो.” पाहुण्याचा काहीही उपयोग नव्हता.

मग माझ्या जागी त्याची धाकटी बहीण बसायची. तिला उडी मारायचं बटण कोणतं हेही धड ठाऊक नाही. आणि हाच माणूस प्रत्येक दगडावर थांबायचा. “मार उडी. आता मार. आता! हां.” ‘एस’ उडत आली की स्वतः बाजूला सरकायचा, तिला घेऊ द्यायचा. तिच्यापायी त्याचे जीव गेले तरी हूं की चूं नाही. तोच गेम, तोच धबधबा, त्याच दुपारी. आता याला स्वार्थी म्हणू की प्रेमळ? मी आजही त्याच्याशी यावर भांडतो. तो म्हणतो, “तू रडायचास, म्हणून मजा यायची.”

हे आठवायचं कारण एक प्रशिक्षण शिबिर. एका कंपनीने मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. कर्मचाऱ्यांकडून आधीच ‘तुम्ही गेम कसे खेळता’ अशी प्रश्नावली भरून घेतलेली, आणि प्रत्येकाच्या छातीवर रंगीत बिल्ला: अचीव्हर, एक्स्प्लोरर, सोशलायझर, किलर. “सर, ही बार्टल टेस्ट. एकदम सायंटिफिक.” जेवणाच्या सुट्टीत ‘किलर’चा बिल्ला लावलेले एक सज्जन सगळ्यांना कोशिंबीर वाढत फिरत होते. आणि ‘सोशलायझर’ बाई कोपऱ्यात एकट्या, फोनमध्ये डोकं घालून...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे.’ बरं. मग मूळ विषयाकडे वळू या.

रिचर्ड बार्टल इंग्लंडातला. एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये मड नावाचा गेम सुरू केला, बार्टलने तो पुढे नेला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर, पण एकाच जगात अनेकजण. १९८९ च्या नोव्हेंबरात मुरलेल्या खेळाडूंमध्ये वाद जुंपला, की लोकांना यातून हवंय तरी काय? तो पुढच्या मेपर्यंत चालला. त्यातून बार्टलने चार तऱ्हा काढल्या आणि १९९६ च्या लेखात पत्त्यांचे चार रंग दिले. गुण जमवणारे अचीव्हर चौकट, कानाकोपरे धुंडाळणारे एक्स्प्लोरर इस्पिक, गप्पांसाठी येणारे सोशलायझर बदाम, दुसऱ्याला छळणारे किलर किलवर. पण त्याला माणसांना बिल्ले लावायचे नव्हते. कोणत्या तऱ्हेचे लोक वाढले की कोणते पळतात, हे त्याला पाहायचं होतं. किलवर माजले की बदाम निघून जातात, असं. ती प्रश्नावली तर त्याने केलेलीच नाही. लेख वाचून दुसऱ्याच दोघांनी ती बनवली. पुढे २००३ मध्ये त्याने स्वतः चाराच्या आठ तऱ्हा केल्या. त्या कंपनीला तेवढे बिल्ले परवडले नसते.

दुसरं, निक यी हा संशोधक आणि त्याचे सहकारी. २०११ चा अभ्यास, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचे १,०४० खेळाडू. स्वभावाची चाचणी एकीकडे, चार महिन्यांची खेळातली नोंद दुसरीकडे. बहिर्मुख माणसं गटात जास्त खेळतात. मनमिळाऊ माणसं मिठ्या मारतात, हात हलवतात, आणि लढाई सोडून स्वयंपाक वगैरे करतात. निष्काळजी माणसं उंचावरून पडून जास्त मरतात! म्हणजे स्वभाव खेळात उतरतो, यात वाद नाही. पण ही नाती बारीक आहेत, हजारभर माणसांच्या सरासरीत दिसणारी. एकट्या माणसाच्या छातीवर टाचण्याइतकी जाड नाहीत.

तिसरं, उलट दिशा. याच यीने जेरेमी बेलेन्सनबरोबर २००७ मध्ये दाखवलं की पडद्यावर उंच शरीर दिलं की माणूस पैशांच्या वाटाघाटीत जास्त ताणून धरतो. म्हणजे स्वभाव खेळाला वळण देतो आणि खेळही... हो, हो, संपवतो.

एवढंच बघा. बीजीएमआय, म्हणजे बंदीनंतर नाव बदलून आलेला पबजी, त्यात शंभर माणसं विमानातून उतरतात. कोण पोचिंकी या गर्दीच्या गावात उडी टाकून लगेच भिडतो, कोण घरात दबा धरून बसतो, यावर पोरांचा स्वभाव ओळखू नका. जोडीदार गोळ्या लागून नॉक, म्हणजे आडवा, होऊन “रिव्हाइव दे, रिव्हाइव दे”, म्हणजे मला उठव, असं ओरडत असतो, तेव्हा बघा. उठवायला दहा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ स्वतः हलता येत नाही, गोळ्या चालू असतात. माझा भाचा शाळेतल्या मित्रांसाठी न चुकता जातो. अनोळखी जोडीदार असला की तो मरेपर्यंत वाट बघतो आणि मग त्याचं सामान उचलतो. आणि परवा त्याच्या बापाने हौसेने खेळायला घेतलं, तेव्हा बाप नॉक झाल्यावर कार्ट्याने शांतपणे विचारलं, “बाबा, शनिवारी ट्रिपला जाऊ ना?” (हशा)

दुसरी चिठ्ठी आली. राहिलेलं खाली बोलू.