रिचर्ड्स मॅजेस्टिक: एका खोट्या स्टुडिओची खरी जमीन

[दृश्य: भर दुपार. पामच्या झाडांमागे स्टुडिओचं फाटक. आत गोदामांसारख्या उंच इमारती.]

या फाटकातून ओळखीशिवाय आत शिरलात, तर सुरक्षारक्षक मागे लागतात. आत परग्रहवासीयांच्या वेषातले ज्युनिअर आर्टिस्ट आरामात हिंडत असतात, त्यांना कुणी हटकत नाही.

शहराचं नाव लॉस सँटोस. स्टुडिओचं नाव रिचर्ड्स मॅजेस्टिक. दोन्ही खोटी. सप्टेंबर २०१३मध्ये रॉकस्टार या कंपनीने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा व्हिडिओ गेम आणला. त्यात लॉस एंजेलिसची ही नक्कल आहे आणि डोंगरावर हॉलिवूडच्या जागी व्हाइनवूडची पाटी आहे.

या गेममधली बरीचशी थट्टा तशी ढोबळच. जाहिराती, टीव्ही, राजकारणी, योगवाले, जो दिसेल त्याला टपली. सिनेमावालेही यातून सुटलेले नाहीत. याच मालिकेतल्या २००२च्या ‘व्हाइस सिटी’मध्ये इंटरग्लोबल नावाचा स्टुडिओ होता. तो साठ हजार डॉलरला विकत घेता यायचा आणि तिथे अश्लील चित्रपट बनायचे. त्याच्या दिग्दर्शकाला आवाज दिला होता खुद्द हॉलिवूड अभिनेता डेनिस हॉपरने. तिथे विनोद तेवढ्यावरच संपत होता.

रिचर्ड्स मॅजेस्टिकची गोष्ट मात्र निराळी आहे. इथे हसू येतं, पण ते नेमकं कुणावर, हे जरा उशिरा कळतं.

[दृश्य: मालकाचं ऑफिस. भिंतीवर जुन्या चित्रपटांची पोस्टर.]

सॉलोमन रिचर्ड्स हा स्टुडिओचा म्हातारा मालक. स्वभावाने भला, जुन्या वळणाचा, सिनेमा म्हणजे सर्वस्व मानणारा. त्याच्या स्टुडिओत पैसा आहे डेव्हिन वेस्टन या अब्जाधीश गुंतवणूकदाराचा. आणि यांच्यात येऊन पडतो मायकल डी सँटा. हा बँका लुटून निवृत्त झालेला, नाव बदलून राहणारा, घरी बसून जुने चित्रपट बघणारा गृहस्थ. सॉलोमनशी त्याची गाठ घालून देतो वेस्टनच, चोरीच्या कामाचा मोबदला म्हणून.

म्हणजे सिनेमावर मनापासून प्रेम करणारी माणसं इथे दोनच, आणि त्यातला एक दरोडेखोर. दरोडेखोराला निर्माता व्हायचंय, आणि कामात तो चक्क बरा निघतो. सेटवर अडून बसलेल्या नटाला आणि दिग्दर्शकाला ताळ्यावर आणायचं, सॉलोमनकडून पैसे उकळू पाहणाऱ्या गुंडाचा निकाल लावायचा, ही त्याची निर्मितीची कामं. बक्षीस काय, तर श्रेयनामावलीत सहयोगी निर्माता म्हणून नाव. त्या एका ओळीसाठी त्याने किती गोळ्या झाडल्या, याचा हिशेब खेळणाऱ्याने आपापला ठेवावा.

[दृश्य: चित्रीकरण चालू असलेला सेट. चंदेरी स्पोर्ट्‌स कार.]

वेस्टनला सिनेमाचं किती कौतुक आहे, ते एका प्रसंगात दिसतं. सेटवर हेरपटाचं शूटिंग चाललंय. नायकाची गाडी उभी आहे, खिळे टाकणारी, शेजारची सीट हवेत उडवणारी. वेस्टनला ती स्वतःच्या संग्रहासाठी हवी आहे. मग गेममधला दुसरा नायक फ्रँकलिन नटाला आडवा करतो, त्याचा सूट चढवतो आणि गाडी घेऊन सुटतो. शेजारी बसलेली नटी किंचाळायला लागते, तेव्हा सीटचं बटण कामी येतं. ज्या स्टुडिओत आपलेच पैसे गुंतलेत, त्याच्याच चालू शूटिंगमधून गाडी पळवणारा हा गुंतवणूकदार!

पुढे उलगडतं की वेस्टनला चित्रपट नकोच आहे. त्याला हवी आहे स्टुडिओखालची जमीन. शूटिंगचे स्टेज पाडायचे आणि तिथे फ्लॅट बांधायचे. सॉलोमनचा ‘मेल्टडाऊन’ हा चित्रपट प्रदर्शितच होऊ नये म्हणून वेस्टनची वकील मॉली त्याची प्रत घेऊन थेट विमानतळाकडे पळते आणि तिथे जेट इंजिनात खेचली जाते. चित्रपट वाचतो, झगमगाटात प्रीमियर होतो. त्याचा विषय काय? पैशाची हाव. गेममधल्या थिएटरात जाऊन तो बघताही येतो.

[दृश्य: लॉस एंजेलिसची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

हे सगळं अतिरंजित वाटतं ना? मग खऱ्या शहराकडे बघा. हॉलिवूडची ती जगप्रसिद्ध पाटी १९२३मध्ये उभारली गेली ती घरांच्या प्लॉटांची जाहिरात म्हणून. १९६१मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ही चित्रपट कंपनी पैशाच्या तंगीत होती, ‘क्लिओपात्रा’चा खर्च हाताबाहेर चालला होता. कंपनीने आपल्या बॅकलॉटची, म्हणजे स्टुडिओच्या उघड्यावर शूटिंग करायच्या आवाराची, जवळपास १८० एकर जमीन विकून टाकली. तिथे उभी राहिली सेंच्युरी सिटी, ऑफिसं, हॉटेलं आणि निवासी टॉवर घेऊन.

एमजीएम या दुसऱ्या बड्या स्टुडिओचं त्याहून वाईट झालं. १९६९मध्ये कर्क कर्कोरियन या गुंतवणूकदाराने कंपनी ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी दशकानुदशकं जपलेले पोशाख आणि सामान लिलावात निघालं. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधल्या लाल बुटांना पंधरा हजार डॉलर आले. कल्व्हर सिटीतले बॅकलॉट घरबांधणीसाठी गेले आणि १९७३मध्ये लास वेगासला एमजीएम ग्रँड नावाचं हॉटेल उघडलं. तिथे कुणी मायकल बंदूक घेऊन आडवा आला नाही.

म्हणून वेस्टन हे पात्र मला अतिशयोक्ती वाटत नाही. उलट गेमने त्याच्याकडून जमीन वाचवली, हीच या कथेतली सर्वांत मोठी कल्पनारंजकता.

[दृश्य: लॉस सँटोसमधला उंच टॉवर. माथ्यावर स्टुडिओचं नाव.]

आता हा टॉवर बघा. लॉस सँटोसमधली ही इमारतही ‘रिचर्ड्स मॅजेस्टिक’ याच नावाची आहे, आणि ती बेतलीय फॉक्स प्लाझावर. खरा फॉक्स प्लाझा १९८७चा. तो उभा आहे सेंच्युरी सिटीत, म्हणजे फॉक्सने विकलेल्या त्याच बॅकलॉटवर. नक्कल करणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. पण याच गेमची इंटरनेटवर एकत्र खेळायची आवृत्ती ‘जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ऑनलाइन’ सुरू झाली ऑक्टोबर २०१३मध्ये, मूळ गेमनंतर जेमतेम दोन आठवड्यांनी. त्यात खेळाडूंना घर घेता येतं. उंची घरांच्या यादीत रिचर्ड्स मॅजेस्टिकमधले फ्लॅटही आहेत, गॅरेजसकट.