उकळलं की झालं?

श्रोतेहो, नमस्कार.

७ जून हा जागतिक अन्न सुरक्षा दिन. आपल्या इंदूरला त्याचं अगत्य जास्तच असायला हवं. इथली सकाळ पोहे-जिलबीनं उजाडते आणि रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि दहीवडे मांडले जातात. अशा गावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना एक वाक्य माझ्या कानांवर सतत पडत आलं : "चांगलं उकळलंय ना, मग काही होत नाही." या वाक्यात निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायला कोलकात्याच्या एका शास्त्रज्ञाची ओळख करून घ्यावी लागते.

त्यांचं नाव शंभुनाथ डे. जन्म १९१५चा, हुगळी जिल्ह्यातला. पेशानं पॅथॉलॉजिस्ट. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कोलकात्यातच ओळखला होता; पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढची पाऊणशे वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं. जनावरांना रक्तातून, पोटातून जंतू टोचून पाहिले जात, आणि माणसाला होतो तसा कॉलरा काही त्यांना होत नसे. डे यांनी विचार केला, रोग आतड्यात होतो ना, मग तिथंच बघू. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधून त्यांनी त्यात जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला! कॉलऱ्याच्या रुग्णाला होतात, तसल्याच भाताच्या पेजेसारख्या पाण्यानं.

त्यानंतरचं पाऊल मला सगळ्यांत मोठं वाटतं. जंतू ज्या द्रवात वाढवले, तो गाळून त्यांनी जंतू पार काढून टाकले आणि नुसता द्रव आतड्यात सोडला. आतडं तरीही फुगलं. म्हणजे जंतूनं बाहेर टाकलेलं विषच पुरेसं होतं. हा शोध १९५९ साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आला. त्याआधी जुलाबाच्या काही रुग्णांतल्या ई. कोलाय जंतूंवरही त्यांनी हाच प्रयोग केला होता आणि तेही आतडं फुगवतात हे दाखवलं होतं.

इतकं करूनही देशात त्यांच्या वाट्याला मोठा सन्मान आला नाही. १९७८ साली स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं, तेव्हा ते म्हणाले, साठच्या दशकापासून मी मेल्यातच जमा होतो, तुम्ही मला उकरून काढलंत. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. १९८५ साली ते गेले.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. कॉलऱ्याचा जंतू आपलं विष आतड्यात गेल्यावर तयार करतो. म्हणून पाणी उकळलं की तो धोका टळतो. पण काही जंतू भांड्यातच विष करून ठेवतात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा, ही आपली घरोघरची रीत. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात निजलेले जंतू, असू शकतात, आणि भात शिजला तरी ते मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात, विष सोडतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसलाही टिकतं. फोडणीच्या आचेला ते काय दाद देणार? खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात, आणि दोष जातो फोडणीच्या तेलाला.

दुसरा जंतू स्टॅफिलोकॉकस. तो आपल्या नाकात, कातडीवर आणि पिकलेल्या जखमेत असतो. बोटाला चिंधी बांधून कुणी मावा मळला आणि ती परात मांडवात तशीच राहिली, तर विष तयार व्हायला दुपार पुरते. मग तो मावा पुन्हा परतला तर जंतू मरतात, विष राहतं.

म्हणून उरलेला भात पातेल्यात गच्च ठेवू नका. परातीत पसरा, वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. आणि घरी कार्य असेल तर आचाऱ्याला कामाला लावण्याआधी त्याचे हात बघा. बोट पिकलेलं असेल तर त्याला त्या दिवशी मिठाईपासून लांब ठेवा, आणि मजुरी मात्र पूर्ण द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो जखम लपवणार नाही.

नमस्कार.