नीडलला हात लावण्याआधी टाकी बघा

(मॉडेल विमानांच्या इंधनव्यवस्थेवरील व्याख्यान, संपादित)

जमिनीवर इंजिन झकास चालतं. विमान उडतं, नाक वर करून चढायला लागतं, आवाज एकदम तीक्ष्ण होतो आणि इंजिन बंद. खाली उतरवलं की जो तो नीडल, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारा सुईसारखा स्क्रू, पिळायला धावतो. तुम्ही तसं करू नका. आधी टाकी उघडून बघा.

साध्या ग्लो इंजिनाला, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल इंजिनाला, इंधनाचा पंप नसतो. कार्ब्युरेटरच्या गळ्यातून वेगाने जाणारी हवा इंधन ओढते, आणि ही ओढ अगदी बेताची असते. त्यामुळे टाकीतली पातळी स्प्रे बारच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या नळीच्या, वर आहे की खाली, एवढ्यानेही मिश्रण रिच (इंधन जास्त) किंवा लीन (इंधन कमी) होतं. म्हणून टाकीचा मध्य स्प्रे बारच्या रेषेत किंवा 5 ते 10 मिलिमीटर खाली ठेवायचा आणि टाकी फायरवॉलला, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या भिंतीला, शक्य तितकी जवळ. टाकी मागे सरकवली की नाक वर करताना तेच इंधन जास्त उंच चढवावं लागतं. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमवायची असेल तर बॅटरी सरकवा, टाकी नको.

आता आतली गोष्ट. फीडच्या, म्हणजे इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या, पितळी नळीला आतून मऊ सिलिकॉन नळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला क्लंक, म्हणजे धातूचं वजन. विमान जसं कलेल तसं इंधन सरकतं आणि त्याच्या मागे क्लंक. टाकी हातात उभी धरून हलवा, टक्‌टक् ऐकू आलं पाहिजे. नळी लांब झाली तर क्लंक मागच्या भिंतीला घासत अडकतो, म्हणून थोडी फट ठेवा. पण माझा पहिला संशय वेगळाच असतो. दणकून लँडिंग झालं की क्लंक पुढे फेकला जातो, नळी दुमडते आणि तो तिथेच राहतो. मग सपाट उडताना सगळं ठीक. नाक वर केलं की इंधन मागे जातं आणि क्लंक हवा ओढतो. सुरुवातीला सांगितलेला आजार बऱ्याचदा हाच निघतो.

जेवढं इंधन बाहेर जातं तेवढी हवा आत आली पाहिजे, त्यासाठी व्हेंट. त्याची नळी आत वर वाकवून टाकीच्या छताजवळ न्या, पण छताला टेकवू नका, तोंड बंद होईल. बाहेरचं टोक मफलरच्या (सायलेन्सरच्या) निपलला जोडलं की टाकीवर थोडा दाब येतो आणि फीड स्थिर राहतं. मात्र आता प्रत्येक जोड हवाबंद हवा. तिसरी, भरायची नळी सोयीची खरी, पण तिचं बूच सैल असलं की दाब गेलाच. लहान टाकीला मी दोनच नळ्या ठेवतो. शंका आली तर बाकी टोकं बंद करून टाकी पाण्यात बुडवा आणि एका नळीतून हलकेच फुंका. सुईच्या टोकाएवढं छिद्रही बुडबुड्यांनी उघडं पडतं. टाकीभोवती फोम गुंडाळायला विसरू नका, नाहीतर कंपनांनी इंधनालाच फेस येतो.

कंट्रोल लाइनवाल्यांचा, म्हणजे हातातल्या तारांनी विमान स्वतःभोवती गोल उडवणाऱ्यांचा, प्रश्न निराळा. विमान गोल फिरत असल्याने इंधन वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूला चिकटतं, म्हणून फीडचं तोंड तिकडेच. टाकी रिकामी होत जाते तसं इंजिन लीन होतं. त्यावर उतारा युनिफ्लो. व्हेंटचं आतलं तोंड छताजवळ न ठेवता फीडच्या तोंडाजवळ आणायचं आणि भरताना हवा बाहेर जाण्यासाठी ठेवलेलं दुसरं व्हेंट उडवताना बंद करायचं. हवा त्या खालच्या तोंडातूनच आत येते, त्यामुळे वर इंधन किती उरलंय याने फरक पडत नाही. सतराव्या शतकातल्या मारिऑतच्या बाटलीचं तत्त्व हेच. सरळ बसवलेल्या इंजिनाचं विमान उलटं उडवताना जास्त वेगाने पळत असेल, तर टाकी उंच बसली आहे. पातळ पट्ट्या घालून थोडी खाली आणा.

पेट्रोल इंजिन वापरणाऱ्यांनी सिलिकॉन नळी विसरावी, ती पेट्रोलने फुगते. तिथे कार्ब्युरेटरला स्वतःचा डायफ्रॅम पंप असल्याने मफलरचा दाबही लागत नाही. व्हेंटची नळी टाकीवरून एक वेढा देऊन विमानाच्या पोटाखाली उघडी सोडली की झालं.

आणि दोन नळ्यांची टाकी भरायची कशी, या मागून आलेल्या प्रश्नाबद्दल: फीडची नळी कार्ब्युरेटरवरून काढायची, तिच्यातूनच इंधन भरायचं आणि मफलरकडची नळीही सोडवून ठेवायची. नाहीतर जास्तीचं इंधन मफलरमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. अशा इंजिनाला स्टार्टर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असेल तर प्लग काढून प्रॉपेलर हाताने फिरवा, इंधन बाहेर उडेल.